पाय माझा, पट्टा त्यांचा

मनालीच्या वर, हिमाचल
१२ जानेवारी १९९७

हरणामावशीस मायाचा जयभीम.

हे पत्र औंधाजवळ तुझ्या वस्तीवर पोचायला आठ दिवस तरी लागतील; तुम्ही मेंढरांमागे खाली उतरला असाल, तर तिथून कुणी तरी तुझ्यापर्यंत पोचवेल. अक्षर मोठं काढते आहे, जोडाक्षरं जमतील तेवढी टाळते आहे. अडलं तरी तुझ्या मालकांना, आप्पासोकाकांना, वाचायला देऊ नको. स्वतः वाच. त्र्याण्णव साली आमच्या आष्ट्याच्या रानात तुमची मेंढरं खतासाठी बसली होती, तेव्हा एकोणीस संध्याकाळी तू माझ्यापाशी मुळाक्षरं गिरवलीस, ती अशाच वेळेला उपयोगी पडायची.

आधी कबुली. पुण्यात शारीरिक शिक्षणाचं शिबिर आहे, असं मी आबांना सांगून निघाले. ते खोटं आहे. मी बर्फात आहे. सांगलीच्या शाळेत बिनपगारी रजा टाकली आणि बर्फावरच्या खेळांच्या तीन आठवड्यांच्या कोर्सला आले. इथे न्यूझीलंडची एक बाई आली आहे, जोआन. तिनं चार फळ्या आणल्यात. त्याला स्नोबोर्ड म्हणतात. एकाच फळीवर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि डोंगरावरून घसरत खाली यायचं. हसू नको. तीस जणांतून तिनं चौघांना निवडलं, त्यात मुलगी मी एकटी. आम्हाला मार्च संपेपर्यंत ठेवून घेणार आहेत. सहा मार्चला स्पर्धा आहे.

मावशी, पाय फार दुखतात. इथे कुणाशी बोलले नाही. फळीवर प्रत्येक पायाला एक बाइंडिंग असतं, म्हणजे स्क्रूनं बसवलेली पकड. मागे टाचेला टेकू आणि वर दोन पट्टे, एक घोट्याच्या पुढे, एक बोटांवर. पट्टे दातेरी असतात, करकर आवाज करत आवळतात. अर्ध्या तासात उजव्या तळव्यात गोळा येतो, घोट्यापुढचं हाड ठणकायला लागतं आणि मग बोटं असून नसल्यासारखी होतात. संध्याकाळी बूट काढले की पाऊल टेकवत नाही. बूटही पुरुषांचे, दोन नंबरांनी मोठे. आत तीन मोजे घालते.

काल जिन्यावर लंगडताना ठाकूर सरांनी पाहिलं. ते इथले मुख्य शिक्षक. म्हणाले, "सपाटीवरच्या माणसांचे पाय यासाठी नसतात. घरी जा. त्यात लाज कसली?" मी म्हटलं, "मुरगळलाय सर, उद्या बरा होईल." बाकीची तीन मुलं इथलीच, डोंगरातली. ती तोंड फिरवून हसली.

तुला का लिहिते? घरचं कुणीही "ये परत" म्हणेल. तू म्हणणार नाहीस. शिवाय पायांचं तुला कळतं, माणसांच्या आणि मेंढरांच्याही. आबांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी
माया


वस्तीवरनं
२१ जानेवारी

माया पोरीला हरणाबाईचा रामराम.

तुजं पत्र मिळालं. तीन डाव वाचलं. पयल्या डावाला निम्मं कळलं, दुसऱ्याला समदं, आन् तिसऱ्या डावाला उगंच वाचलं, बरं वाटलं म्हून. बनाबाईलाबी वाचून दावलं. ती माजी चुलत जाऊ. ती म्हनली, ही पोरगी आपनहून फळीला बांधून घेती? मी म्हनलं, व्हय, आन् वर डोंगरावनं सोडून देती.

आता ऐक. पाय दुखतो आसं ढोबळ सांगून चालत न्हाई. मेंढरू लंगडाय लागलं की आमी आदी बगतो कुटं दुखतंय. खुरात, सांद्यात, का वर फऱ्यात. तू मला सांग. पट्ट्याखाली दुखतं का पट्ट्याच्या फुडं? फळीवर उभी ऱ्हातीस तवा पायाची बोटं आवळून धरतीस का? घसरनीला उतरताना नवी मानसं समदी बोटं आवळत्यात, जसा काय डोंगूर बोटांनीच धरून ठेवायचाय. तळव्यात गोळा येतो त्यो तेच्यानं. आन् येक पाय जास्ती दुखतो का दोनी सारकं? सकाळी उटल्याव दुखतं का?

पावसाळ्यात येक कोकरू दगडात पाय घालून मोडून बसलं. मालकांनी कळकाच्या कामट्या लावून बांधलं. लय आवळलं. दुसऱ्या दिशी बगितलं तर खूर गार. मी सोडलं आन् परत बांधलं, बोट जाईल येवडं सैल. आता ते कोकरू उड्या मारतंय. बांधायचं ते धरून ठेवाय, जीव घ्याला न्हाई.

त्यो ठाकूर काय म्हनतो ते मनाव घेऊ नगंस. आपुन कुटल्या गावचं हाय ते पायाला ठावं नसतंय.

हितं समदं बरं हाय. मालक बरं हायती. मेंढरं बरी हायती. फुडचं पत्र मसूरला कोंडीबा किराणावाल्याच्या दुकानाव टाक. आमचं तिकडं जानं येनं आसतंय.

हरणाबाई


मनालीच्या वर
२ फेब्रुवारी

हरणामावशी,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दुखतं ते बरोबर पट्ट्याखालचं हाड. सकाळी दुखत नाही. उजवा पाय जास्त. आणि बोटं? आवळते! मला पत्ताच नव्हता. तुझं पत्र आलं त्या दिवशी मुद्दाम लक्ष दिलं. फळी सुटली रे सुटली की दाही बोटं मुठीसारखी वळतात. आता उतरताना मी मोठ्यानं म्हणते, "बोटं सोड, माया, बोटं सोड." मागून येणारा मुलगा विचारत होता, कसला मंत्र म्हणतेस? तीन दिवसांत तळव्यातला गोळा निम्मा झाला.

हाडाचं मात्र तसंच आहे. बूट मोठा, त्यामुळे पट्टा शेवटच्या दात्यापर्यंत ओढावा लागतो. सैल सोडला की पाय आत हलतो आणि मी तोंडावर पडते. काल सात वेळा पडले.

आणखी एक सापडलं. बाइंडिंगच्या खाली एक गोल चकती असते, चार स्क्रूंची. ती फिरवली की पाऊल कोणत्या दिशेला बसणार ते बदलतं. माझं उजवं पाऊल चालताना जरा बाहेर वळतं, लहानपणापासून. फळीवर ते अगदी आडवं बांधलेलं आहे, म्हणून प्रत्येक वळणाला घोटा एकीकडे जातो आणि गुडघा दुसरीकडे. जोआन असती तर तिला विचारलं असतं, पण ती दिल्लीला गेली आहे, महिनाअखेरीस येणार. ठाकूर सरांना म्हटलं, "सर, चकती थोडी फिरवून द्या." ते म्हणाले, "फळी पाहुण्या बाईची आहे. तिला हात लागणार नाही. पायानंच फळीप्रमाणे व्हायचं."

पायानं फळीप्रमाणे कसं व्हायचं, मावशी?

ते म्हणाले, पंधरा दिवसांत लंगडणं थांबलं नाही तर माझी जागा दुसऱ्या मुलाला देणार. म्हणून मी त्यांच्यासमोर सरळ चालते आणि खोलीत आल्यावर भिंत धरते.

आता तुझं सांग. तुझ्या पत्रावर शिक्का पुसेसावळीचा आहे. वस्तीवरून लिहिलंस तर औंधचा हवा होता. आणि जानेवारीत तुम्ही वस्तीवर कसे? दिवाळीनंतर तुम्ही मेंढरं घेऊन खाली उतरता. काकांशी काही बिनसलं का? त्यांनी तुला घराबाहेर काढलं का? खरं लिही. मी इथून काही करू शकत नाही, पण आबांना सांगेन. मग माझं खोटं उघडं पडलं तरी चालेल.

माया


मसूर
११ फेब्रुवारी

माया पोरीला रामराम.

येवडीशी गोष्ट तुज्या नजरंतनं सुटली न्हाई. बरं झालं. खोटं लिवायला लय अक्षरं लागत्यात.

मला कुनी भाईर काढल्यालं न्हाई. मीच भाईर पडलीया. दिवाळीत मालक रानाची ताल, उंच बांध, चढताना पडलं. खुबा मोडला. आता काठी घिऊन दारापातूर जात्यात, पर मेंढरामागं चालनं संपलं. माजा दीर नानासो आला आन् म्हनला, "वयनी, मेंढरं माज्या कळपात घाल. बाईमानूस कळप घिऊन उतरत नसतंय. आजवर कोन गेलीया?"

म्या म्हनलं, "समद्याच गेल्यात की. घोडीवर संसार लादून, पोरं काकंत घिऊन, तुमच्या मागनं चालत. फकस्त फुडं चालल्या न्हाईत."

त्यो हासला. बाकीच्या धनगरांनीबी मला संगं घ्याला नकार दिला. दोन म्हैनं तेंच्या तोंडाकडं बगत बसली. वस्तीवर चारा संपला. मग तुजं पत्र आलं. त्याच दिशी मी मालकाला सांगटलं, मी चालली. ते भितीकडं तोंड करून पडलं. बनाबाई म्हनली, मी येती. तिजा मालक मुंबईला गेला त्यो गेलाच. तवा आता आमी दोगी, एकशेचाळीस मेंढरं, येक घोडी आन् दोन कुत्री. जाऊबाई मागं, मी फुडं. तू तिकडं पडत हुतीस तवा मी हितं उसाच्या रानामालकांशी भांडत हुती. टाचंला भेगा पडल्यात, मेन भरून चालती.

मी तुला खोटं लिवलं, तू आबाला खोटं सांगटलंस. फिटंफाट झाली.

आता तुज्या हाडाचं. संगट घोंगडीचा तुकडा धाडलाय, जाड हाय. त्यो हाडाव ठिवू नगंस. हाडाव ठिवलास तर आनिक दाबंल. तेची दोन बोटं रुंद पट्टी काप आन् हाडाच्या भवतीनं चुंबळीवानी ठिव, मदी हाडाला खड्डा. वरनं पट्टा आवळला की भार चुंबळीवर, हाड मोकळं. कोकराच्या मोडल्या पायाला मी आसंच करती.

आन् ती चकती. पोरी, किती जनाला इचारनार हाईस? पाय तुजा, पट्टा त्यांचा. पट्टा फिरतो, पाय फिरत न्हाई. मग काय फिरवायचं ते येवड्या मोठ्या शाळंतल्या मास्तराला कळंना व्हय? घोडीचं खोगीर टोचाय लागलं तर आमी खोगीर हलवतो. घोडी कापत न्हाई.

फुडचं पत्र आष्ट्याला अर्जुना शिंप्याच्या दुकानाव टाक. आठ दिसांत तितं पोचू. आबाच्या रानात मेंढरं बसवनार हाय. तेंनी काय इचारलं तर काय सांगू ते लिव.

हरणाबाई


मनालीच्या वर
२२ फेब्रुवारी

हरणामावशी,

वाचताना शांत राहा. मी ठीक आहे. पाय तर फारच ठीक आहेत. पण माझी फळी काढून घेतली आहे.

पहिल्यापासून सांगते. तुझं पार्सल परवाच्या आदल्या दिवशी आलं. उघडलं तर खोलीभर मेंढरांचा वास. माझ्या खोलीत आता पुढच्या कोर्सची, चंदीगडची एक मुलगी राहते, ती नाक धरून बाहेर पळाली. मी पट्टी कापली, चुंबळ केली, मोज्याला टाके घालून पक्की बसवली. मग संध्याकाळी सगळे जेवायला गेले तेव्हा स्वयंपाक्याकडून पेचकस मागून आणला. "काय दुरुस्त करायचंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "माझं उभं राहणं."

खोलीत अनवाणी उभी राहिले, डोळे मिटले आणि जागच्या जागी तीन उड्या मारल्या. पाय जसे पडले तसे राहू दिले आणि खडूनं त्यांच्या कडेनं रेघ मारली. तिन्ही वेळा उजवं पाऊल तेवढंच बाहेर. मग त्या रेघेप्रमाणे चकती फिरवली आणि चारही स्क्रू घट्ट केले. मावशी, इतकी भीती मला त्या उतारावर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून निघाले. बोटं सोडलेली, हाड मोकळं, गुडघा आणि घोटा एका दिशेला. डावं वळण, उजवं वळण, परत डावं. खाली आल्यावर मी दुखण्याची वाट बघत उभी राहिले. बोटं हलवून पाहिली. दाही जिवंत होती. परत वर गेले. दुपारपर्यंत नऊ वेळा उतरले.

दुपारी ठाकूर सरांना स्क्रूच्या खाचेवरचे ओरखडे दिसले.

त्यांनी कार्यालयात बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. प्रकृतीच्या कारणामुळे मी स्वतःच्या इच्छेनं शिबिर सोडते आहे, असं त्यात होतं. म्हणाले, "सही कर. फळीची मोडतोड केलीस ते मी कुठे लिहिणार नाही. तुझ्याच भल्याचं सांगतो."

मी म्हटलं, "सर, माझी प्रकृती चांगली आहे."

"महिनाभर लंगडत होतीस."

"होते. आज नाही. चालून दाखवू?"

"प्रश्न तो नाही. सांगितलेलं ऐकायचं नाही, ही तुझी सवय आहे."

"मग तसं लिहा सर. ऐकत नाही म्हणून काढलं, असं लिहा. त्यावर तुमची सही करा. माझे पाय चालत नाहीत म्हणून मी गेले, यावर मी सही करणार नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. फळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जोआन आल्यावर बघू म्हणाले. तोवर मी रोज सकाळी सगळ्यांबरोबर उतारापर्यंत जाते आणि नुसती उभी राहते. बर्फात पायी वर चढते, पायी खाली येते. काढायचं असेल तर समोरून काढावं लागेल.

तू फुडं चालतेस हे वाचून मी किती वेळ पत्र हातात धरून बसले होते. तरी आबांना सांगू नकोस. ते मला न्यायला येतील. काय सांगायचं विचारतेस, तर सांग की माझं पुण्याचं शिबिर वाढलं.

माया


आष्टा
३ मार्च

माया पोरीला रामराम.

तुजं सांगनं मला पाळता आलं न्हाई. कसं झालं ते सांगती, मग काय रागवायचं ते रागव.

अर्जुना शिंप्यानं पाकिटावरचं अक्षर वळकलं आन् सरळ आबाच्या हातात दिलं. तुमच्या पोरीचं अक्षर हाय म्हनला. आबा तसंच रानात आलं. आमी नुकती मेंढरं बसवली हुती. पाकीट फोडल्यालं न्हवतं. माज्या म्होरं धरलं आन् म्हनलं, "अक्षर माज्या पोरीचं, शिक्का हिमाचलचा, नाव तुजं. वाच."

मी म्हनलं, "आवं, मला वाईच चष्म्याबिगर..."

"तुला चष्मा कवापासनं लागला? वाच."

मग वाचलं. मदलं गाळावं आसं लय वाटलं. पर मला गाळून वाचाय येत न्हाई. अक्षराला अक्षर लावत जाती, तोंडातनं काय गेलं ते वाक्य संपल्याव कळतं. "आबांना सांगू नकोस" हेबी तसंच मोठ्यानं वाचलं. बनाबाईनं डोक्याला हात लावला.

आबा बांधावर बसलं.  मग म्हनलं, "मला भ्याली व्हय गं पोरगी?"

मी म्हनलं, "भ्याली न्हाई. तुमी न्ह्याला जाल म्हून गप बसली."

"मी न्ह्याला जाईन?" आबा उटलंच. "छप्पन साली मी सतरा वर्सांचा हुतो. बापाला सांगटलं, मिरजंला कामाला जातो, आन् नागपूरला गेलो, दीक्षा घ्याला. तीन दीस गाडीत उभा हुतो. आल्याव बापानं धरून हानलं. आन् मी पोरीला न्ह्याला जाईन? तिनं मला वळकलं न्हाई." डोळं पुसलं आन् मग रागानं म्हनलं, "खोटं बोलली हे मातुर मी सोडनार न्हाई." तुला सवता लिवतो म्हनलं. तेंचं काय ते तुमी बगा.

आता माजं. परवा नानासो आला, दोन गडी घिऊन. म्हनला, "वयनी, लोक हासत्यात. दादानंच सांगटलंय, मेंढरं घिऊन ये." 

 नानासो खोटं बोलतोय आसं म्हनाय तोंड उगडलं, पर मला मालकाची पाठ दिसली, भितीकडं केल्याली. म्हनलं आसंल. पडल्या जागी मानूस काय बी म्हनतंय.

मी म्हनलं, "म्हनलं आसतील. मी न्हाई म्हनती."

"दादाच्या शब्दाफुडं?"

"तुज्या दादाच्या दुखन्यात मी तेंच्या उशापायथ्याला दोन म्हैनं बसली. शब्दबी ऐकलं, कन्हनंबी ऐकलं. मेंढरं मागं न्ह्यायची तर वाटंत चारा न्हाई, हे तुला ठावं हाय. पन्नास तर वाटंतच पडतील. तेंचं पाप तू घेनार का?"

एक गडी म्हनला, बाई बराबर बोलतीया. नानासो त्येच्याव खेकसला. मग हातातली काठी आपटून म्हनला, "फुडल्या साली तुला आमच्यात कुनी घेनार न्हाई."

मी म्हनलं, "यंदा तरी कुठं घेतलं हुतं?"

गेलं. चा बी घेतला न्हाई. मालक खरंच तसं म्हनलं का न्हाई, मला ठावं न्हाई. जूनमदी घरी गेल्याव इचारनार हाय, आन् म्हनलं आसतील तर भांडनार हाय. आत्ता मेंढरं चरत्यात.

तू त्या कागदाव सही करू नगंस.

हरणाबाई


मनालीच्या वर
१३ मार्च

हरणामावशी,

तुझ्यावर काय रागवू? आबांचं पत्र तुझ्या पत्राच्या आधी एक दिवस आलं. अर्ध्या पानाचं. त्यात बर्फाबद्दल एक शब्द नाही. "खोटं बोललीस त्याचा हिशेब घरी आल्यावर. तोवर कागदावर सही करायची नाही." तू आणि ते एकाच बांधावर बसून लिहिलंत की काय? दोन्ही पत्रं स्पर्धा झाल्यावर पोचली, पण सही मी केलेली नाही.

जोआन पंचवीस तारखेला आली. ठाकूर सरांनी कपाट उघडून फळी तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं फळी उलटी सुलटी करून पाहिली. मला म्हणाली, "बूट काढ. उभी राहा." मी उभी राहिले. तिनं माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं. "बाइंडिंगचे हे कोन तुला कुणी सांगितले?" मी म्हटलं, "कुणी नाही. उडी मारली आणि बघितलं." मोज्यातली चुंबळ तिनं बाहेर काढली, दाबून पाहिली, वास घेतला आणि मोठ्यानं हसली. मग ठाकूर सरांना शांतपणे म्हणाली, "बाइंडिंग प्रत्येकाच्या पायाप्रमाणे लावायचं असतं. ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, चूक माझी आहे."  सर किल्ली खिशात घालून निघून गेले.

फळी मिळाली, पण चार दिवस फुकट गेले होते ते गेलेच.

सहा तारखेला नऊ जण होतो. काही बाहेरून आलेले. मी सातवी उतरले. बर्फात रोवलेल्या निशाणांना वळसे घालत उतरायचं होतं. दुसऱ्याच निशाणापाशी फळीची कड बर्फात रुतली आणि मी डोक्यावरून गेले. तोंडात बर्फ, डोळ्यांवरचा बर्फाचा चष्मा कुठे तरी. खालून कुणी तरी ओरडलं, "सोड, बाजूला हो." मी पालथी पडून पहिल्यांदा काय तपासलं सांगू? बोटं हलतात का. हलत होती. उठले. पडल्यावर स्पर्धेतून बाहेर, असा नियम नव्हता, हे मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. उरलेली अकरा निशाणं घेतली. एकही चुकवलं नाही.

नऊ जणांत आठवी आले. नववा तो, जो वर घाबरून बसून राहिला.

खाली ठाकूर सर वेळ लिहीत होते. वहीतून मान वर न करता त्यांनी विचारलं, "पाय कसे आहेत?"

"माझे आहेत सर," मी म्हटलं.

त्यांनी पेन थांबवलं. रागावले की हसले, अजून कळलेलं नाही. पण परवा नव्या तुकडीच्या चार मुली आल्या, तेव्हा बाइंडिंग लावायला त्यांनी मला बोलावलं. बोलावलं म्हणजे माझ्या खोलीबाहेर पेचकस ठेवून गेले. मी प्रत्येकीला अनवाणी उड्या मारायला लावल्या. एकीचेही पाय दुसरीसारखे पडले नाहीत.

एक वाईट बातमी. सांगलीच्या शाळेनं माझ्या जागी दुसरा शिक्षक घेतला. मुख्याध्यापकांचं कार्ड आलं, रजा संपून गेली म्हणून. रात्रभर रडले, खोटं कशाला सांगू. आले की दुसरी शाळा बघीन. नाही मिळाली तर तिसरी.

महिनाअखेरीस निघते. तू तोवर आष्ट्यातच असशील ना?

माया


सांगलीच्या पल्याड
२३ मार्च

माया पोरीला रामराम.

न्हाई, आमी आष्ट्यात न्हाई. तितला चारा संपला. मिरजंकडच्या एका द्राक्षबागवाल्यानं सांगावा धाडला की मेंढरं माज्या रानात बसवा, खत पायजे. आजवर आमच्या वस्तीचं कुनी हितनं कृष्णा वलांडून मिरजंकडं गेलं न्हवतं. जायाचं म्हंजी सांगलीचा पूल.

पुलावर पोलीस हुता. म्हनला, "बाई, दिवसा न्हाई. समदं धनगर अंधार पडल्याव नेत्यात. तवा या."

म्या म्हनलं, "अंधारात ट्रकवाल्याला मेंढरू दिसत न्हाई. गेल्या साली एकाची अकरा मेली. मी दिवसा नेनार."

"गाड्या तुंबतील."

"तुंबू द्या."

त्यो म्हनला, तुज्यासंगं गडीमानूस कोन हाय? तेवढ्यात आबा फुडं आलं. आमास्नी रस्ता दावायला सायकल घिऊन आलं हुतं. मला वाटलं आता आबा पोलिसाशी बोलनार.  पर तेंनी गाड्या थांबवाय सायकल पुलाच्या तोंडाला आडवी लावली, तिच्या म्होरं उभं ऱ्हायलं आन् मला म्हनलं, "घे गं हरणा, फुडं हो."

मी फुडं झाली. मागं एकशेचाळीस मेंढरं, घोडी, कुत्री, आन् शेवटाला बनाबाई. दोनी बाजूला येष्टी, ट्रक, उसाच्या बैलगाड्या, समदं थांबलं. हारन वाजाय लागलं. एका येष्टीच्या खिडकीतनं कुनी तरी वरडलं, "ए बाई, मालक कुटं हाय तुजा?" बनाबाईनं मागनं वरडून सांगटलं, "घरी हाय, भाकऱ्या खातोय!" येष्टीभर मानसं हासली. मग हारन वाईच कमी झालं.

खाली पानी चकाकत हुतं. मेंढरं कठड्याला अंग घासत, आपल्याच चालीनं येत हुती. पोलीस मागनं शिट्टी फुकत हुता, आटपा, आटपा म्हनत.

पूल लय लांब हाय, माया. आमी घाई केली न्हाई.

हरणाबाई